रामनगरचा वॉर्ड आणि चौघांचा प्रभाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराणेशाहीवरचा आपला लेख वाचला. त्यात घराण्याच्या जोरावर वर आलेल्या नेत्यांच्या यादीत देवेंद्र फडणवीसांचे नाव टाकून लेखक मोकळे झाले. मी दक्षिण-पश्चिम नागपूरचा मतदार, वय ६७. मला ते अर्धेच पटले.

घराणे होते, हे कोण नाकारतो? वडील गंगाधरराव विधान परिषदेत होते, आणीबाणीत तुरुंगात गेले. काकू शोभाताई चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या आमदार, १९९५ च्या युती सरकारात मंत्री. महागाईत स्वस्त डाळ दिली म्हणून ‘डाळवाल्या बाई’ हे नाव त्यांना चिकटले ते कायमचे. पण देवेंद्र सतरा वर्षांचे असतानाच गंगाधरराव गेले. आयता मतदारसंघ त्यांना कुणी दिला नाही. १९९२ मध्ये रामनगर वॉर्डातून ते महापालिकेत गेले तेव्हा वय २२. ‘गंगाधररावांचा पोरगा’ म्हणून लोक दार उघडत, हा वारसा खरा आणि तो लहानही नाही. तरी नळ-गटारीची बोलणी त्यांनाच खावी लागली असतील. १९९७ मध्ये महापौर, १९९९ मध्ये आमदार, विरोधी बाकावरून सिंचनावर भाषणे, मग २०१४ मध्ये मुख्यमंत्री. वसंतराव नाईकांनंतर सलग पाच वर्षे पूर्ण करणारे तेच. (२०१९ चे अजित पवारांसोबतचे ते ऐंशी तासांचे सरकार मी इथे मोजत नाही, पानठेल्यावर अजून मोजतात.)

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या काळी एका वॉर्डाला एकच नगरसेवक असे. बाविशीतला पोरगा सायकलवर चार आठवड्यांत सगळा वॉर्ड पिंजून काढू शकत होता. २०१६ मध्ये फडणवीसांच्याच सरकारने महापालिकांसाठी चार सदस्यांचा प्रभाग आणला. मधल्या सरकारने तो मोडला, २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि तो पुन्हा आला. आज नागपुरात १५१ जागा आणि ३८ प्रभाग. २०११ च्या जनगणनेची २४ लाख लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी साठ हजारांवर माणसे. एवढ्या मुलखात फिरायला गाड्या, कार्यकर्ते, पत्रके, मांडव लागतात. म्हणजे पैसा, नाही तर पक्षाचे पॅनल, नाही तर घरातले आडनाव. आणि जागा महिलांसाठी राखीव झाली की भाऊसाहेबांच्या सौभाग्यवतींचे बॅनर चौकात लागलेच म्हणून समजा! घराणेशाही वरून येते असे आपण म्हणतो. मला तर ती या प्रभागांतून पिकताना दिसते.

त्यात मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे इथे महापालिकेचे सभागृहच नव्हते. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, हे मान्य. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा ज्याच्या दारावर थाप मारावी असा निवडून आलेला माणूस कुठल्याही गल्लीत नव्हता. साहेबांना फोन लावा, असे सांगणारे मात्र भरपूर होते.

जानेवारी २०२६ मध्ये अखेर निवडणूक झाली. आमच्या प्रभागाला आता चार नगरसेवक आहेत. परवा कोपऱ्यावरचा फुटका चेंबर दाखवायला गेलो, तर पहिले म्हणाले, हा भाग दुसऱ्यांकडे. दुसऱ्यांनी तिसऱ्यांचा नंबर दिला. संपादक महाशय, हे फडणवीसांच्या त्या जुन्या वॉर्डात चालले नसते, कारण तिथे बोट दाखवायला दुसरा कुणी नव्हताच.

मुख्यमंत्री फडणवीस हिवाळी अधिवेशनाला रामगिरी या नागपुरातल्या सरकारी बंगल्यावर येतात. त्या मुक्कामात त्यांनी एकसदस्यीय वॉर्डाचे विधेयक मांडावे, एवढे या पत्राद्वारे सुचवतो. त्यांना तो वॉर्ड समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर