आईच्या खाटेवर बसून पाणी ऐकणाऱ्या मिस्त्रीमामांना

लातूर

मिस्त्रीमामा, नमस्कार.

हे पत्र तुमची लेक तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. समोर बोलायला गेले की तुम्ही "त्यात काय मॅडम, कामच हाय की आपलं" म्हणत थापी धुवायला निघून जाता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

आईची नजर गेल्याला तीन वर्षं झाली. तिचं माहेर तेरणेकाठचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ते घर पडलं आणि पुनर्वसनात गाव नदीपासून लांब उठून गेलं. डोळे गेल्यापासून तिला तिथल्या ओढ्याचा आवाज फार आठवायचा. खिडकीखाली पाणी वाजत राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तुमच्याआधी एकानं हे काम घेतलं होतं. मोठं दुकान, गुळगुळीत कागदावरचे फोटो, निम्मे पैसे आगाऊ. त्यानं सिमेंटचा हौद बांधला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे इथं धंदा करणाऱ्याला सांगावं लागावं का? वर्षाच्या आत हौद तडकला. तळाला उरलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या. नातू सारखा तिकडंच धावायचा, म्हणून वर जुना पत्रा टाकला. फोन केला की एकच उत्तर, "साहेब साईटवर आहेत." आईला मी सांगत राहिले, काम चालू आहे गं. डोळे नसलेल्या आईशी खोटं बोलायची वेळ त्या माणसानं माझ्यावर आणली. ते मी अजून विसरलेले नाही.

तुम्ही आला होतात शेजाऱ्यांची भिंत बांधायला. पत्रा उचलून पाहिलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "उन्हाळ्यात टँकर लागतो का तुमाला?" तिथंच मला धीर आला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. इथं अंगणात कारंजं म्हटलं की मनाला टोचतंच. तुम्ही म्हणालात, उघडं पाणी ठेवायचंच नाही. टाकी जमिनीत, वर जाळी, जाळीवर गोटे आणि मधे आरपार भोक पाडलेला काळा दगड. पाणी दगडावरून ओघळून गोट्यांत शिरणार आणि तेच पुन्हा वर येणार. उन्हानं उडेल, वाऱ्यानं बाहेर सांडेल तेवढंच भरायचं. "आन् टंचाई आली तर बटन बंद. दगूड कोरडाबी चांगला दिसतो."

बाकी खोदकाम, मुरूम, पाईप यातलं मला फार कळलं नाही. मला ती संध्याकाळ आठवते.

मोटार चालू झाली, दगडाच्या माथ्यावर पाणी आलं, नातवानं टाळ्या वाजवल्या. तुमची मजुरी मोजून झाली होती, सामान गाडीत चढलं होतं. जाता जाता तुम्ही खिडकीपाशी थांबून विचारलंत, "माय, यायलाय का आवाज?"

"यायलाय की," आई म्हणाली. "नळ गळल्यागत."

मी ओशाळले. तिला गप्प करणार, तेवढ्यात तुम्ही अंगणातल्या नळावर पाय धुतलेत, आत आलात, तिच्या खाटेवर पायथ्याशी बसलात आणि डोळे मिटलेत. कितीतरी वेळ तसेच बसलात. मग म्हणालात, "बरूबर हाय मायचं."

बाहेर जाऊन एक गोटा काढलात, तिथं चपटा दगड बसवलात. पुन्हा पाय धुऊन आत. पुन्हा खाटेवर, डोळे मिटून. असं पाच वेळा. बाहेर तुमचा मुलगा गाडी चालू करून उभा होता. शेवटी दगडच बोटभर कलता केलात. सगळीकडून थेंब थेंब पडणारं पाणी एका अंगानं धार धरून उतरायला लागलं, आणि आई म्हणाली, "हां. आता वढा झाला."

मामा, आईशी लोक मोठ्यानं बोलतात, जणू तिला ऐकूच येत नाही. डॉक्टर तिच्याबद्दल मला विचारतात, पाहुणे तिच्यासमोर तिची कीव करतात. कुणी वाईट नसतं यात. पण तिला कसं ऐकू येतं हे बघायला तिच्या जागेवर जाऊन बसलेलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या पाच खेपांचे तुम्ही पैसे लावले नाहीत, आणि मला तर ते मोजताही आले नसते. गावोगाव अशी माणसं भिंती बांधत, मोटारी दुरुस्त करत हिंडत असतील. त्यांच्या हातचं काम घरात असणं हे मोठं भाग्य आहे.

पंपाची जाळी सांगितल्याप्रमाणे धुते. बोअरचं पाणी घालत नाही, दगडावर पांढरे क्षार धरतात म्हणाला होतात. गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवलंय, त्यातलं पावसाचं घालते. सकाळी बुलबुल येतात. आई रोज सहा वाजता विचारते, "वढा सोडला का?"

तिचा एक निरोप आहे. मिस्त्री त्या दिवशी न जेवता गेला, म्हणून येळवसला, वेळ अमावस्येच्या सणाला, घरच्या सगळ्यांना घेऊन आमच्या रानात या. आंबील आणि भज्जी ती स्वतः चाखून बघणार आहे.

तुमची,
अंगणात ओढा असलेल्या घरातली मॅडम