नळयोजना आधी की रंगमंच? सरपंच मित्राला पत्र

कुडाळ

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ग्रामसभेत दोन तट पडलेत म्हणतोस. एकाला देवळासमोर रंगमंच हवा, दुसरा म्हणतो नळाला पाणी नाही आणि नाटकं कसली. दोघांचीही गरज खरी आहे, पण दोघं एकाच पैशावर भांडताहेत आणि पंचायतीचा पैसा तसा एका थैलीत नसतो, प्रत्येक कामाचा वेगळा असतो.

१५व्या वित्त आयोगाच्या निधीचा (२०२१-२६) हिशेब लोकांसमोर फळ्यावर मांड. ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नाही. पाण्याचा निधी रंगमंचाला वळवलास तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच. खरा निर्णय तुमच्या हातात आहे तो घरपट्टीसारख्या स्वतःच्या उत्पन्नाचा, आणि त्यातलेही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणाला आणि ५ टक्के दिव्यांगांना आधी बाजूला पडतात.

आता नळयोजना. ती बहुतेक ठिकाणी बांधणीअभावी बंद पडत नाही, चालवण्याच्या खर्चावर अडते. दीड हजार वस्ती धर. माणशी रोज ५५ लिटर म्हणजे ८२,५०० लिटर. साडेसात एचपीचा पंप सहा तास चालला तर दिवसाला साधारण ३४ युनिट, महिन्याला हजार. युनिटला सात रुपये धरले तरी सात हजारांचं बिल. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे रोज चारशे ग्रॅमच्या वर. आणि आपल्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो, मग माप बरोबर असूनही पाण्यातला क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला रंग येत नाही. म्हणून वर्षाची एकदम घेऊ नकोस. शिवाय पाणी सोडणाऱ्याचं मानधन आणि पंप जळला तर वाइंडिंग. तीनशे घरांनी महिना शंभर रुपये दिले तर हे सगळं भागतं, निम्म्यांनीच दिले तर पंप जळाल्यावर हात पसरावे लागतात. पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी ग्रामसभेत वाचून दाखव. वाईटपणा येईल, पण रंगमंचाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांचीही नावं त्यात सापडतील.

रंगमंचाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्लॅबचा मोठा मंच बांधू नका. दशावताराला नेपथ्य लागतच नाही: एक बाक, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. नाटक कंपनी आपले पेटारे घेऊन येते. तिला गावाकडून हवी असते तोंड रंगवायला आडोशाची, उजेडाची जागा, रात्रभर टिकणारी वीज, पाणी आणि शौचालय. यातलं सार्वजनिक शौचालय स्वच्छतेच्या बंधित निधीतून होऊ शकतं. देवळाजवळ बांधलंत तर जत्रेला येणाऱ्या बायकांची रात्रभराची कुचंबणा थांबेल. सेवा आणि कला यांचं भांडण या एका कामात तरी मिटतं.

तरीही मंच हवाच असेल तर अडीच-तीन फुटांपेक्षा उंच नको, जमिनीवर बसणाऱ्यांच्या माना दुखतात. अंदाजपत्रक मात्र बारकाईने वाच. किनाऱ्यावरच्या सळईच्या कामाला भारतीय मानक ४५६ प्रमाणे किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटर आवरण लागतं. कागदावर त्याहून हलकं एम-२० असेल आणि वाळू खाडीची, न धुतलेली असेल, तर खारामुळे सळई गंजून फुगते आणि काही वर्षांत स्लॅबचे पापुद्रे सुटतात. मग दुरुस्तीला कुठल्याच लेखाशीर्षात पैसा नसतो. तुझ्या पंपासारखंच आहे ते, बांधायला निधी मिळतो, सांभाळायला मिळत नाही. त्यापेक्षा स्वनिधीतून दरवर्षी कलेसाठी ठरावीक रक्कम ठेव, लहान असली तरी चालेल, पण दरवर्षी. मुलांना पखवाज शिकवणाऱ्याचं मानधन त्यातून निघालं तरी मला ते मंचापेक्षा मोलाचं वाटतं. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आज जिवंत आहे ती घराघरांत शिकवली गेली म्हणून; तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे तेच आहे.

अजून एक, याला पंचायतीचा पैसाही लागत नाही. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत महिना ५,००० रुपये मिळतात. वय ५० पूर्ण, कलेत १५ वर्षं आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी. अर्ज अडतो तो पुराव्यावर. म्हाताऱ्या दशावतारींनी आयुष्यभर रात्री जागवल्या, पण कागद कोणी जपला? जुनी हँडबिलं, फोटो, कंपनीच्या मालकाचं पत्र, देवस्थानचा दाखला असं जमेल ते गोळा करायला एखाद्या शिकलेल्या पोराला बसव. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांना तहसिलात एकटं पाठवू नकोस.

ग्रामसभेआधी रंगमंचाच्या अंदाजपत्रकाची आणि पंपाच्या गेल्या वर्षभराच्या वीजबिलांची झेरॉक्स मला पाठव. दोन्ही पाहून कलेसाठी किती रक्कम झेपेल ते कळवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक