परराज्यातला घातक कचरा आणि कृष्णाकाठ : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

परराज्यातील कारखान्यांचा घातक कचरा मोबदला घेऊन आपल्या राज्यात स्वीकारण्याच्या व्यवहाराबाबत सांगलीहून हे पत्र लिहीत आहे. घातक कचऱ्याबाबतच्या 2016 च्या नियमांनुसार असा कचरा अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल, तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पण तोच कचरा पुनर्वापरासाठी नेतो म्हटले की मंडळांना आगाऊ कळवले तरी भागते. ज्या शिवारात ट्रक रिकामा होणार, तिथल्या ग्रामपंचायतीचा उल्लेख या दोन्ही तरतुदींत नाही.

1988 साली नायजेरियातील कोको गावात इटलीहून आलेल्या विषारी कचऱ्याची हजारो पिंपे सापडली. महिना सुमारे 100 डॉलर भाड्याने एका गावकऱ्याने ती आपल्या जागेत ठेवू दिली होती आणि काहींनी त्यांतली पिंपे रिकामी करून पाणी साठवायला घरी नेली होती. मला याचे नवल वाटले नाही. माझ्या परसात केमिकलचे एक जुने निळे बॅरल आहे. सोड्याने तीनदा धुतले, तरी उन्हात झाकण उघडले की वास येतोच. आमच्याकडे द्राक्षबागेचे औषध अशाच बॅरलात कालवतात, आणि ऊसतोडीच्या फडावर प्यायचे पाणीही त्यात भरलेले मी पाहिले आहे. आत काय होते, हे सांगणारे लेबल तेवढे खरवडून काढलेले असते.

अशा प्रकरणांनंतर 1989 साली घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा बासेल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि विल्हेवाटीसाठी परदेशातून घातक कचरा आणण्यास आपल्याकडे मनाई आहे. देशाच्या सीमेवर जे नको, ते राज्याच्या सीमेवर टनाच्या दराने का चालावे?

जाळून टाकू, हे उत्तरही पुरेसे नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन कचरा 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला जाळला, तेव्हा त्यात चुना मिसळावा लागल्याने मागे आठशे टनांहून अधिक राख उरली. आमच्याकडे अशी राख पुरायची तर कुठे? 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट आहे. कचऱ्याचे पैसे एकदा मिळतात, भरलेल्या खड्ड्याची राखण मात्र तीस-तीस वर्षे करावी लागते, आणि तोवर करार करणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात.

तेव्हा विनंती अशी, की सातारा-सांगलीच्या पूररेषेत अशा कचऱ्याची साठवणूक वा विल्हेवाट यांना परवानगी देऊ नये. पुनर्वापराच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक खेपेची माहिती संबंधित ग्रामपंचायतीला ट्रक निघण्यापूर्वी मराठीत मिळावी. आणि मिळणाऱ्या मोबदल्यातील खड्ड्याच्या देखभालीचा वाटा आधीच बाजूला काढून जिल्ह्याच्या नावे ठेवावा.

आपला नम्र,
कृष्णाकाठचा एक रहिवासी, सांगली