बदलापूर की गुहागर : जाहिरातीत न येणारा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगा मुंबईत नोकरीला, आईवडील निवृत्तीच्या उंबरठ्यावर, आणि जुळे सोलापुरातले घर विकून पुढे कुठे जायचे, हा विषय सोलापूर शहरातल्या बऱ्याच घरांत चालू आहे. जाहिरातींतून त्याला दोन उत्तरे मिळतात. एक, बदलापूर-वांगणीकडे स्टेशनजवळचा फ्लॅट. दुसरे, गुहागर, दापोली किंवा देवगडला ‘समुद्र दिसणारा प्लॉट’. लोक दोन्हींचा चौरस फुटाचा दर शेजारी मांडतात आणि तिथेच चुकतात. आधी दोन गोष्टी बघाव्यात : घरातून रोज बाहेर कोण पडणार, आणि त्या जागेचा वर्षातला सर्वांत वाईट महिना कोणता.

घरातल्या एकालाही आठवड्यातून चार दिवस मुंबईत कामाला जायचे असेल, तर किनाऱ्याचा विचार तिथेच थांबवावा. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. लोकलचा दीड तास धरा, वर दोन्ही टोकांची रिक्षा, पायपीट आणि ताटकळणे. कर्जत-खोपोलीहून येणारी लोकल बदलापूरला येईपर्यंत बरीच भरलेली असते, म्हणून आपल्या वेळेला बदलापूरहूनच सुटणारी लोकल आहे का, हे वेळापत्रकात बघावे. सोलापूरकरांसाठी आणखी एक तिढा आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस किंवा वंदे भारत बदलापुरावरून जाते, पण थांबते कल्याणला. म्हणजे पुढे जाऊन, बॅगा घेऊन पूल चढून, लोकलने उलटे मागे यायचे.

तिथला वाईट महिना जुलै. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले, हे सर्वांनी टीव्हीवर पाहिले आहे. उल्हास नदीच्या बाजूला इमारत असेल तर पूररेषेच्या नकाशावर ती कुठे येते, ते बघावे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मीटरची खोली आणि पाण्याचा पंप तळाशी असतील, तर पाणी शिरल्यावर लिफ्ट आणि नळ दोन्ही बंद पडतात. सोसायटीकडून मागच्या बारा महिन्यांची टँकरची बिले मागावीत. देखभाल खर्चाचा खरा आकडा त्यांतच सापडतो. भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची नोंद ही तपासणी आता बहुतेकांना ठाऊक आहे.

किनाऱ्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे, आणि आपली माणसे फसतात ती तिथेच. शेती असलेल्या सोलापूरकराला इथल्या सातबाऱ्यावर तिकडची शेतजमीन घेता येते, म्हणून सौदा सोपा वाटतो. पण कोकणातला सातबारा बहुधा सामाईक असतो. चार भाऊ, दोघे मुंबईत, एक वारलेला आणि त्याच्या वारसांची नोंद झालेली नाही. अशात एकाने ‘माझा हिस्सा’ विकला, तरी वाटप आणि मोजणी झालेली नसेल तर तो हिस्सा नेमका कुठला, हे कोणीच सांगू शकत नाही. इतर हक्कांचा रकाना शब्द न् शब्द वाचावा. कुळाची नोंद किंवा ‘खासगी वन’ असा शेरा दिसला, तर तालुक्यातल्या वकिलाकडून जुने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) काढून घेतल्याशिवाय इसार देऊ नये. रस्ता गावनकाशावर आहे की शेजाऱ्याच्या गडग्यातून (कुंपणातून) केवळ संमतीने जातो, हेही पाहावे. संमती माणूस बदलला की बदलते.

समुद्र जितका जवळ, तितके बांधकाम अवघड. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. दाट वस्तीच्या गावांना ही मर्यादा मंजूर आराखड्यानुसार ५० मीटर आहे. त्यापुढे ५०० मीटरपर्यंतही परवानगीचे निर्बंध आहेतच. खाडीकाठालाही सीआरझेड लागू होते, फक्त तिथली मर्यादा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जी कमी ती असते, हे एजंट सांगत नाही. प्लॉटचा गट क्रमांक किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर स्वतः बघावा.

घर बांधताना सोलापूरची सवय इथेच ठेवून जावी. कोरड्या हवेत सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर चालून जाते. किनाऱ्यावर उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ४५ मिलिमीटर कव्हर आणि एम-३० दर्जाचे काँक्रीट लागते. खारट दमट हवेतले क्लोराइड हळूहळू सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. स्लॅबखालचे पोपडे दिसू लागतात तोवर आतले लोखंड बरेच गेलेले असते. म्हणून सळईखाली सिमेंटचेच कव्हर ब्लॉक (ठोकळे) वापरावेत, खडीचे तुकडे सरकवून भागवू नये. वाळू समुद्रकाठची नको. सपाट गच्चीपेक्षा कौलांचे उतरते छप्पर आणि भिंतीबाहेर दोन-अडीच फूट पुढे आलेली त्याची कड बरी. भिंतीला जांभा चांगला. नळ सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) घ्यावेत. साध्या लोखंडाची ग्रिल दर वर्षी घासून रंगवावी लागते.

सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात पाऊस जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, रत्नागिरीकडे तीन हजारांच्या वर. इथे सकाळी धुतलेली चादर दुपारी घडी करून ठेवता येते, तिथे जुलैत ती वाळतच नाही. कपाटात बुरशी, चामड्याच्या चपलेवर बुरशी, आणि इथून नेलेली कडक भाकरी दोन दिवसांत सादळते. एवढा पाऊस असूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याचे हाल होतात, कारण उतार आणि सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाहीत. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की खारे पाणी आत सरकते. त्यामुळे विहिरीचे पाणी तपासायचे ते मेमध्ये. ऑक्टोबरचा अहवाल गोडच येणार. उजनी धरणाच्या पाण्यासाठी इथे वर्षानुवर्षे चार-पाच दिवस वाट पाहिलेल्यांनी तिकडे ‘भरपूर पाणी’ गृहीत धरू नये.

विजेचे आणि दवाखान्याचे गणित वय वाढेल तसे मोठे होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टर हवाच, शिवाय विहिरीवर रहाट ठेवावा. गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, सगळा वळणाचा रस्ता. ज्यांना डायलिसिस लागते किंवा ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांनी किनाऱ्याचा मोह आवरावा. माझे स्पष्ट मत आहे की अशांनी सोलापूरच सोडू नये, इतके दवाखाने इथे हाताशी आहेत. सोलापूरहून कोकणात थेट रेल्वे नाही. कल्याण-ठाण्याकडे जाऊन गाडी बदलायची, नाहीतर मिरज-कोल्हापूरवरून आंबा घाट, किंवा कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरायचा. पावसाळ्यात दरड पडली की घाट बंद, आणि कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रकही मंद गतीचे असते.

दोघेही धडधाकट आणि नोकरीतून मोकळे असतील, तर किनारा जरूर निवडावा. मात्र वाळूवरचा प्लॉट सोडून तालुक्याच्या गावात, बाजार आणि एसटी स्थानकापासून चालत जाता येईल अशा उंच जागी घर बघावे. विकत घेण्याआधी अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहावे, आणि करार जूनपासून सुरू करावा. तेव्हा पर्यटक नसल्याने भाडे कमी पडते. दिवाळी आणि नाताळात पर्यटकांसाठी घर रिकामे करून मागण्याची मालकांची पद्धत असते, म्हणून तसे करता येणार नाही हे करारात लिहून घेऊन तो नोंदणीकृत करावा.

आपला,
एक वाचक (स्थापत्य अभियंता), जुळे सोलापूर