दुर्लक्ष करताच न येणाऱ्यांसाठीही दोन ओळी छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक हृदय दिनाच्या (२९ सप्टेंबर) आरोग्य पुरवणीत आपण हृदयविकाराच्या लक्षणांची चौकट छापली होती. छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, आणि खाली ठळक अक्षरांत ‘या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका’. माहिती बरोबर होती, गरजेची होती. पण चौकट वाचून व्हायच्या आत त्यातली तीन लक्षणे मला सुरू झाली होती. घाम पाच मिनिटांनी आला.

मी ४६ वर्षांची आहे. गेली सहा वर्षे मला आरोग्याबद्दलच्या अतिचिंतेचा आजार आहे आणि माझी चिंता मुक्कामाला येते ती छातीतच. (घराण्यात कुणाला हृदयविकार नाही. आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा पहिला प्रश्न तोच विचारतो आणि ‘नाही’ म्हटले की त्याचा ऐकण्यातला रस संपतो.) सुरुवात एका रात्री झाली. डाव्या कुशीवर पडले होते आणि ठोका चुकला. क्षणभर आत काहीच हालेना, मग कुणी आतून गुद्दा मारावा तसा एक ठोका. त्या रात्री मनगटावर बोट ठेवून उजाडेपर्यंत मोजत बसले. मोजण्याची सवय लागली ती तेव्हापासून.

पुढे एका डॉक्टरांनी समजावले की ठोका चुकत नसतो, तो वेळेआधी पडून गेलेला असतो. हृदय पुरते भरलेले नसताना पडल्यामुळे तो जाणवत नाही. त्याच्यामागून येणारी विश्रांती जरा लांबते, तेवढ्यात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त साठते आणि पुढचा ठोका दणका देऊन जातो. धडधाकट माणसांतही असे ठोके पडत असतात, बहुतेकांना पत्ताही लागत नाही. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडते. त्यातले पाच-दहा मला ऐकू येतात, इतकेच. हे कळल्यावर फार बरे वाटले. चार दिवस.

ते चार दिवस हीच या आजाराची गंमत आहे. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, २४ तास छातीवर चिकटवलेले, ठोक्यांची नोंद ठेवणारे होल्टर यंत्र, सगळे झाले, सगळे नॉर्मल. पहिल्या नॉर्मल रिपोर्टवर मी महिनाभर निवांत होते, दुसऱ्यावर आठवडाभर. शेवटच्या वेळी रुग्णालयाच्या पायऱ्या उतरतानाच मनात आले, पण तपासणी चालू असताना दुखत कुठे होते? धीर दिला की चिंता तात्पुरती ओसरते आणि पुन्हा धीर मागायला लावते, असे पॉल सॉल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ सालीच मांडले होते. माझ्या नवऱ्याने ते न वाचताच ओळखले. ‘नाडी बघ ना जरा’ म्हटले की हल्ली तो फक्त शेजारी येऊन बसतो.

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने यात भरच घातली. आकडा बघायचा, ९० दिसला की दचकायचे, दचकल्यावर १०४, मग ११८. बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० ठोके सामान्य असतात हे पाठ होते, उपयोग शून्य. ही घड्याळे ठोक्यांची अनियमितता टिपू शकतात, हार्ट अटॅक ओळखू शकत नाहीत, हे मला घड्याळ कपाटात गेल्यावर कळले. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, हेही असेच उशिरा कळले. माझा डावा हात कितीदा तरी ‘गेला’ होता तो यामुळे.

लोक म्हणतात, ही मोबाइलची देणगी. तसे नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड आणि छातीतली कळ जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये नोंदवून ठेवली आहे. तेव्हा कुठला मोबाइल?

‘काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. अतिचिंता असली म्हणून हृदयाला अभय मिळत नाही. नॉर्वेतल्या सात हजारांवर लोकांच्या एका अभ्यासात (२०१६) आरोग्याची अतिचिंता असलेल्यांत पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराचे प्रमाण उलट जास्त आढळले. हे वाक्य लिहिताना बोट आपोआप मनगटाकडे गेले, खोटे कशाला सांगू. म्हणजे माझ्यासारखीने प्रत्येक कळेला पळायचे नाही आणि खऱ्या कळेला घरी बसायचेही नाही. ही रेघ कुठे ओढायची, हे कुणीतरी सांगायला हवे ना?

मला ते एका डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. चालताना किंवा जिना चढताना येणारे आणि थांबले की जाणारे दडपण असेल तर लगेच वेळ घेऊन या. बसूनही न ओसरणारे दडपण, सोबत घाम वा धाप, किंवा शुद्ध हरपणे, यात कुणाला विचारत बसू नका, थेट इमर्जन्सीत. बोटाच्या टोकाने दाखवता येणारी, क्षणभर टोचून जाणारी कळ मात्र वहीत टिपून ठेवा आणि ठरलेल्या भेटीत सांगा. (हा कागद माझे रिपोर्ट पाहून माझ्यापुरता लिहिलेला आहे. वाचकांनी उचलू नये, आपापल्या डॉक्टरांकडून मागून घ्यावा.) त्यांनीच मला मानसोपचाराकडे पाठवले. तिथे मुद्दाम तीन मजले चढायला लावतात आणि वर पोचल्यावर मनगटाला हात न लावता बसवतात. पहिल्यांदा मी रडले. आठव्या खेपेला धडधडत असतानाच समोरच्या बाईंशी बोलत बसले, आणि धडधड कधी थांबली ते लक्षातही आले नाही.

माझी विनंती एवढीच. ‘दुर्लक्ष करू नका’ ही ओळ तशीच राहू द्या, ती ज्यांच्यासाठी आहे त्यांचा जीव तिने वाचतो. तिच्याखाली आणखी दोन ओळी घाला. तपासण्या होऊनही भीती जात नसेल, तर तो आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. आणखी एक, हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनी तुंबणे आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदय बंद पडणे. बातम्यांत दोन्हींना सरसकट ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणतात, तेही पुष्कळदा शवविच्छेदनाआधीच. असा मथळा वाचल्यावर त्या दिवशी माझ्यासारखे किती जण नाडी धरून बसत असतील!

जागा अपुरी असल्यास माझी हकिकत गाळावी, वेळेआधी पडणाऱ्या ठोक्याचा मजकूर तेवढा ठेवावा. नाव प्रसिद्ध करू नये.

आपली,
एक वाचक