बाबा, मी कापसाच्या भावाचा फळा पाहिला

शेफील्ड
रविवार, रात्र

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

काल फोनवर सगळं सांगायला घेतलं होतं, पण आईचं "जेवली का वं?" ऐकू आलं आणि तिकडची रेंज गेली. मग ठरवलं, बसून पत्रच लिहावं. मूळ कागद पोस्टानं येईल, तोवर दादाच्या मोबाइलवर फोटो पाठवते. बाबा, आईला तुम्ही वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका. तिनं स्वतः वाचायला घ्यायचं नाही. ऑपरेशनला अजून महिनाही झालेला नाही.

शनिवार-रविवार मी मँचेस्टरला जाऊन आले. आई, काळजी करू नकोस. एकटी नव्हते, आणि पैसेही उडवले नाहीत. रेल्वेचं सवलतीचं कार्ड आहे, त्यावर तिकिटाचा तिसरा हिस्सा कमी होतो. रात्री अमरावतीच्या मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. जे पाहायचं होतं त्याला कुठेच तिकीट नव्हतं.

शेफील्डहून गाडी निघाली की थोड्याच वेळात साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. तो संपला की एकदम डोंगर. आपल्यासारखी झाडी त्यावर नाही, नुसतं गवत आणि मेंढ्या. शेताशेतांच्या मधे धुऱ्याच्या जागी कमरेइतक्या दगडी भिंती आहेत, चुना-माती न घालता नुसते दगड रचलेल्या. बाबा, तुम्ही पाहिलं असतं तर पहिल्यांदा हेच विचारलं असतं की इतके दगड वेचले कोणी. मलाही तेच वाटलं. वरच्या धुऱ्यावरचे दगड वेचताना तुमची पाठ कशी धरायची ते आठवलं.

मँचेस्टरच का निवडलं ते सांगते. इथे वर्गात एकानं विचारलं, तुझं गाव कुठलं. मी म्हटलं वर्धा जिल्हा, हिंगणघाटजवळ. ते कुणाला कळेना. मग म्हटलं, कापसाचा मुलूख. तेव्हा आमच्या एक बाई म्हणाल्या, मग तू मँचेस्टर बघायलाच हवंस, एके काळी त्या शहराला 'कॉटनोपोलिस' म्हणजे कापूसनगरी म्हणायचे. त्या दिवसापासून डोक्यात होतं.

शनिवारी सकाळी आधी विज्ञान आणि उद्योगाच्या संग्रहालयात गेले. जागाच जुन्या रेल्वे स्टेशनची आहे. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर ही गाडी तिथूनच सुरू झाली. कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा आणि या रुळांवरून इकडच्या गिरण्यांत यायचा. आत कापडाच्या दालनात जुनी यंत्रं आहेत आणि एक बाई ती चालवून दाखवतात. कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंत सगळं. एकच माग चालू केला तरी कानठळ्या बसल्या. गिरणीत असे शेकडो चालायचे. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून विणकर बाया ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचं बोलणं ओळखायच्या, आणि ओठही मुद्दाम मोठे हलवायच्या. त्या बाईंनी ते करून दाखवलं. मला सुमनकाकू आठवली, जिनिंगमध्ये तोंडाला पदर बांधून नुसत्या डोळ्यांनी बोलणारी. रुईच्या धुळीनं इथल्या कामगारांची छाती भरून यायची, काहींना जन्माचा दमा लागायचा. लहान पोरं चालू यंत्राखाली सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करायची. काकूचा खोकला आता कसा आहे? तिला एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून आणा, तिनं नाही म्हटलं तरी.

मग त्या बाईंनी विचारलं, "झाडावरचा कापूस कुणी पाहिलाय?" तीस-पस्तीस माणसं होती. हात माझा एकटीचाच वर गेला.

त्यांनी मला पुढे बोलावलं. समोर टोपलीत कापूस होता. मी हातात घेतला आणि बोटांनी आपोआप काडीकचरा काढायला सुरुवात केली. आई, ते तुझ्याकडून आलंय, मला कळलंसुद्धा नाही. मग त्या विचारत गेल्या तसं मी सांगत गेले. पऱ्हाटी किती उंच होते, बोंड उमललं की त्याची पाकळी वाळून कशी टोकदार होते आणि बोटांच्या पेरांत कशी रुतते. कमरेला ओटी बांधून बाया पऱ्हाटीचं तास, म्हणजे ओळ, धरून कशा जातात. सकाळच्या दवात वेचलं तर कापूस ओला लागतो म्हणून ऊन वर येईपर्यंत कसं थांबावं लागतं, आणि ऊन वर आलं की तेच ऊन डोक्यावर कसं घ्यावं लागतं. पहिल्या वेचणीला आपण सीतादही करतो, शेतात दहीभात ठेवतो, तेही सांगितलं. माझं इंग्रजी मधेच अडखळत होतं, पण कुणी हललं नाही. एक आजोबा नंतर जवळ आले. त्यांची आजी गिरणीत होती. ते म्हणाले, "आमच्या घरात कापसाच्या किती गोष्टी सांगितल्या गेल्या, पण त्या सगळ्या गाठोडं दारात आल्यापासून सुरू व्हायच्या." मला काय बोलावं सुचेना. मी त्यांचा हात धरला.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण सांगते. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिथल्या कापसाची वाट अडली. इथल्या गिरण्या बंद पडल्या, लाखो लोक उपाशी राहिले. तेव्हा हिंदुस्थानचा कापूस मोठ्या प्रमाणात आणायला लागले. त्या सगळ्याला इथे 'सुरत' म्हणायचे. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, मागावर सारखा तुटणारा. विणकरांना मजुरी कापडावर मिळायची, धागा तुटला की मजुरी बुडाली. असं सांगतात की एका प्रार्थनासभेत कापूस मिळू दे म्हणून देवाला मागणं चाललं होतं, तर कुणीतरी मधेच ओरडलं, "हो देवा, पण सुरत नको!"

ऐकून माझा चेहरा उतरला. आबा हिंगणघाटच्या रुईबद्दल किती अभिमानानं बोलायचे. मग रात्री मैत्रिणीकडे बसून वाचलं, तर त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या लेखी हिंगणघाटच्या कापसाला खरंच वेगळं नाव होतं, देशी वाणांत तो चांगला गणला जायचा. आबा खोटं सांगत नव्हते. आणि जो काडीकचरा इथे आला तो काही वेचणारीनं घातलेला नव्हता. वजन वाढवायला मधल्या हातांनी काय काय केलं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडे १८६७ ला नागपूरपर्यंत रेल्वे आली, त्यामागेही हाच कापूस होता. पण तोवर अमेरिकेतली लढाई संपून दोन वर्षं झाली होती, आणि १८६५ नंतर भाव पडले ते पडलेच. चांगल्या भावाच्या आशेनं ज्यांनी ज्वारी कमी करून पऱ्हाटी वाढवली असेल, त्यांच्या घरी त्या वर्षी काय बोलणं झालं असेल, ते मला माहीत आहे. आपल्याही घरी ते झालंय.

दुपारी एक ग्रंथालय पाहिलं, जॉन रायलँड्स. कापसाच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या पत्नीनं नवऱ्याच्या आठवणीत बांधलं, १९०० साली वाचकांना खुलं झालं. बाहेरून चर्चच वाटतं. फार सुंदर आहे. पण चार वाजता इथे अंधार पडतो आणि मला जिथे जायचं होतं ते उरलं होतं, म्हणून तिथे फार थांबले नाही.

ते म्हणजे रॉयल एक्स्चेंज. बाबा, ही इथली कापडाची आणि सुताची मंडी. कच्च्या कापसाचा मोठा बाजार लिव्हरपूलला होता, आणि त्या कापसाचं जे सूत-कापड व्हायचं त्याचे सौदे इथे. भरभराटीच्या काळात अकराएक हजार सभासद होते. आता त्या दालनाच्या मधोमध काचेचं आणि लोखंडाचं गोल नाट्यगृह उभं केलंय, १९७६ पासून तिथे नाटकं होतात. ते जमिनीवर टेकलेलंही नाही, दालनाच्या चार मोठ्या खांबांवर तोललंय. मी वर बघत फिरत होते आणि भिंतीवर उंच फळा दिसला. भावाचा फळा. १९६८ साली व्यवहार कायमचे थांबले, त्या शेवटच्या दिवसाचे आकडे तसेच ठेवलेत. सत्तावन्न वर्षं कुणी पुसले नाहीत, बदलले नाहीत.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. नाटकाला आलेली माणसं हातात कॉफी घेऊन खालून जात होती. मला तुम्ही दिसत होते, सकाळी पेपर आला की आधी शेवटून उघडून बाजारभाव बघणारे. मी लहान असताना वाटायचं, तो भाव आपल्या मार्केट यार्डातला तो काट्यावरचा माणूस ठरवतो. तुम्ही कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन रात्रभर रांगेत राहायचे आणि सकाळी तो मूठभर कापूस उचलून बघायचा. मी त्याचा फार राग केला. आता यंदा तुम्ही फोनवर म्हणालात, सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क २०२५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत उचललं आणि व्यापाऱ्यांनी लगेच हात आखडला. मला तेव्हा ते नीट समजलं नव्हतं. त्या फळ्याखाली समजलं. आपल्या पऱ्हाटीचा भाव दीडशे वर्षांपासून अशाच कुठल्यातरी भिंतीवर लिहिला जातो, आणि लिहिणाऱ्याला आपलं गाव माहीत नसतं. मला तिथे रडू आलं, आई. लपवत नाही. त्या आकड्यांच्या खाली तुझी चिरलेली बोटं कुठेच लिहिलेली नव्हती.

रात्री मैत्रिणीनं पातोडीची भाजी केली. वरून सांबार (कोथिंबीर) टाकलं, भाकरी मात्र ज्वारीचं पीठ जुनं असल्यानं थापताना मोडत होत्या. आम्ही मोडक्याच खाल्ल्या. घरून निघाल्यापासून इतकं पोटभर मी जेवले नव्हते.

आज सकाळी पाऊस होता. इथे तो असतोच. या दमट हवेत सूत तुटत नाही, गिरण्या इथे रुजल्या त्याचं हेही एक कारण. भिजतच लिंकनच्या पुतळ्यापाशी गेले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पुतळा इथे कशाला, तर १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन त्यांना पत्र लिहिलं होतं, की आम्ही उपाशी आहोत, तरी गुलामगिरी संपवण्याच्या तुमच्या कामाला आमचा पाठिंबा आहे. लिंकननं जानेवारीत उत्तर दिलं, त्यातला मजकूर चौथऱ्यावर आहे. बाबा, रिकाम्या पोटी, समुद्रापलीकडे कापूस वेचणाऱ्या माणसांसाठी बोलणारे लोक या गावात होते. हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते. कालच्या रात्रीचं माझं मन त्यानं जरा हलकं झालं.

आणि कॅथेड्रलच्या बाहेर कोण भेटलं? आपले बापू! नऊ फुटांचा पुतळा, २०१९ मध्ये बसवलेला. घडवलाय धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. १९३१ साली बापू या भागात आले होते. त्यांच्या बहिष्कारामुळेही इथल्या गिरण्यांची कामं गेली होती, तरी ते त्याच कामगारांना भेटायला गेले. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे तीस कोटी माणसं अर्धं वर्ष रिकामी असतात, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आणि गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला. पाच वर्षांनी ते सेवाग्रामला येऊन राहिले. चौथीच्या सहलीत त्या कुटीपुढे बसून आम्ही डब्यातला चिवडा खाल्ला होता. आज पुतळ्याच्या पायाशी हात लावून नमस्कार केला, तुम्हा दोघांच्या वतीनं पण.

आता कामाचं. दुसरी वेचणी झाली का? गावात खेडा खरेदीवाले येतील, घाईनं देऊ नका. दादाला म्हणावं, सरकारी केंद्रावरची नोंदणी झाली की नाही ते स्वतः जाऊन बघ. माझ्या शिष्यवृत्तीतून थोडे शिल्लक आहेत. वेचणीची मजुरी द्यायला अडत असेल तर सांगा, लपवू नका. बोंडअळी दिसली असेल तर जुनीच पऱ्हाटी राखून फरदड घ्यायचा मोह करू नका, यंदा वेळेवर उलंगवाडी होऊ द्या, पऱ्हाटी काढून वावर मोकळं करा.

आणि एक मागणं आहे. संग्रहालयातल्या त्या बाईंनी मला त्यांचा पत्ता दिलाय. त्यांना झाडावर फुटलेल्या बोंडांचा फोटो हवाय, येणाऱ्या लोकांना दाखवायला. बाबा, वरच्या वावरातला काढा, ऊन कलल्यावर, म्हणजे कापूस पिवळसर उजळतो तेव्हा. आणि आईला सोबत उभी करा. ओटी बांधली तरी चालेल, पण नुसतं उभं राहायचं. वेचायला वाकायचं नाही. डॉक्टरांनी महिना सांगितलाय आणि अजून आठ दिवस बाकी आहेत.

तुमची,
छकुली