न विकलेल्या हाराबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुम्ही मला एक हार विकायला नकार दिलात, त्याला आता तीन वर्षे होतील. त्या दिवशी मी तुमच्या जुन्या दागिन्यांच्या दुकानातून रागावून बाहेर पडले होते आणि निरोप घेण्याचे साधे सौजन्यही दाखवले नव्हते. त्यानंतर आपल्या अनेक भेटी झाल्या, पण त्या दिवसाबद्दल तोंडाने आभार मानणे मला कधी जमले नाही, कारण आभार मानायचे तर आधी माझी तेव्हाची अवस्था कबूल करावी लागली असती. ती आता लेखी कबूल करते. पत्र खुले ठेवले आहे ते अशासाठी, की जुन्या दागिन्यांच्या नादी लागून स्वतःच्या मिळकतीशी आणि प्रकृतीशी लपंडाव खेळणारी मी काही एकटी नाही, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तुमच्यासारखा दुकानदार भेटेलच असे नाही.

तो हार विकत घ्यायला येण्यापूर्वी मी चार वेळा नुसता पाहून गेले होते. मिटलेल्या पुस्तकांसारख्या चपट्या कड्या एकमेकींत गुंतवलेला, मधोमध अंडाकृती लॉकेट असलेला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला तो रुंद पट्टा मला झोपेतही दिसत असे. लॉकेटच्या कडीवर 15 हा आकडा आणि शेजारी .625, म्हणजे हजारात 625 भाग शुद्ध सोने, असा शिक्का होता. ब्रिटनमध्ये 15 कॅरट सोन्याला 1854 साली मान्यता मिळाली आणि 1932 साली ते बंद होऊन त्याच्या जागी 14 कॅरट आले, तेव्हा हा शिक्का म्हणजे वस्तूच्या वयाचा दाखलाच, हे मी वाचून पाठ केले होते आणि मोठ्या तोऱ्यात तुम्हाला ऐकवलेही होते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत, भिंग माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, “शिक्का लॉकेटवर आहे, ताई. आता लॉकेट आणि साखळी यांच्यामधला जोड बघा.”

जोडावर राखाडी रंगाचा एक ओबडधोबड ठिपका होता. पूर्वी कोणीतरी सोन्याच्या डाखाऐवजी कथील आणि शिसे यांच्या डाखाने लॉकेट दुसऱ्याच एका साखळीला चिकटवले होते. असा जोड पुढे कोणी नेहमीच्या आचेवर दुरुस्त करायला घेतला, तर वितळलेले शिसे सोन्यात उतरते आणि त्याला खड्डे पाडते, त्यामुळे आधी ते कणाकणाने खरवडून काढावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. साखळी 9 कॅरटची होती. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी, की हे सारे तुम्ही हाराला बांधलेल्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवले होते. चार फेऱ्यांमध्ये मी शिक्का दहादा वाचला होता आणि चिठ्ठी एकदाही वाचली नव्हती.

तरीही मी हार मागितलाच. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. साखळीचे वजन 80 ग्रॅम; 15 कॅरट असती तर तिच्यात 50 ग्रॅम शुद्ध सोने निघाले असते, 9 कॅरट आहे म्हणून 30 ग्रॅम, आणि मोडीत काढताना शुद्धीकरणाची घट वजा जाऊन त्याहूनही कमीचेच पैसे हातात पडतील. मी म्हटले, मला मोडायचाच नाही तो. त्यावर तुम्ही एकच प्रश्न विचारलात: “हे पैसे कशासाठी ठेवलेले होते?”

खोटे बोलता आले असते. पण मी सांगून टाकले, की मानेच्या मणक्याच्या दुखण्यासाठी वर्षभराच्या व्यायामोपचारांचे म्हणून बाजूला काढलेले पैसे आहेत, आणि उपचार काही महिने लांबवले तर बिघडणार नाही. तुम्ही उपदेश केला नाहीत. माझ्या गळ्याभोवतीच्या रुमालावरून तो हार मला घातलात, चहा मागवलात आणि जुन्या मीनाकामाबद्दल बोलत राहिलात. तासाभराने विचारलेत, “मान कशी आहे?” एरवी हातात घेतले तर जाणवणारही नाहीत असे ते 80 ग्रॅम तेवढ्या वेळात माझ्या मानेला चांगलेच जाणवले होते, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसत होते. हार काढताना रुमाल सरकला, त्याखालची लाल, खवल्यांसारखी झालेली कातडी तुम्हाला दिसली, आणि तुम्ही डबी मिटवून आत ठेवलीत. “हा तुम्हाला मी विकणार नाही,” हे तुमचे शब्द मला तेव्हा अपमानासारखे लागले.

त्या पुरळाविषयी तुम्ही नंतर जे केलेत, त्याचे ऋण हाराच्या नकाराहूनही मोठे आहे. ते पुरळ मी दोन वर्षे घामाचे, साबणाचे, हवापालटाचे समजत होते. पंधरवड्याने राग ओसरल्यावर मी आले, तेव्हा तुम्ही माझ्या गळ्यातली रोजची साखळी मागून घेतलीत. 1930 च्या सुमाराची, चांदीची म्हणून मी कौतुकाने मिरवत असलेली ती साखळी जर्मन सिल्व्हरची आहे आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, तांबे, जस्त आणि निकेल एवढेच असते, हे तुम्ही सांगितलेत. मग कापसाच्या बोळ्यावर एका बाटलीतला एक आणि दुसरीतला एक थेंब घेऊन तो साखळीवर घासलात. बोळा गुलाबी झाला. डायमिथाइलग्लायऑक्झाइम हे त्या रसायनाचे नाव उच्चारायला मला पुढे आठवडा लागला, पण सुट्या होणाऱ्या निकेलची अशी खूण मिळते हे तेवढ्या एका बोळ्याने मनात पक्के झाले.

“हे माझे काम नव्हे, आता त्वचेच्या डॉक्टरांकडे जा,” असे बजावून तुम्ही मला पाठवलेत. तिथे पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांचे चौकोन असलेल्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस पाठ कोरडी ठेवायला सांगितली, पट्ट्या काढल्यावर एकदा आणि नंतर पुन्हा दोन दिवसांनी तपासणी झाली, आणि निकेलच्या चौकोनाखाली नेमके माझ्या गळ्यावरच्यासारखे पुरळ उठले. डॉक्टरांनी दोन गोष्टी समजावल्या. या ॲलर्जीची प्रतिक्रिया लगेच न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते, म्हणून दागिना आणि पुरळ यांचा संबंध माणसाला जोडता येत नाही. आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर सोबत राहते, तेव्हा मलमाने पुरळ बरे होईल, पण निकेल टाळावेच लागेल. दागिन्याच्या आतून नखांचे रंगहीन पॉलिश लावण्याची माझी क्लृप्ती त्यांनी ऐकून घेतली आणि ते झिजले की काय करणार, एवढेच विचारले. घामाने निकेल अधिक सुटते हेही त्यांच्याकडूनच कळले, आणि दरवर्षी उन्हाळ्यात माझा गळा जास्त का पेटायचा याचा उलगडा झाला.

निदान झाल्यावर, जुने दागिने आता आपल्या आयुष्यातून गेले, असे समजून मी अक्षरशः शोक केला. तो शोकही तुम्हीच थांबवलात, आणि तोही सहानुभूतीने नव्हे तर माहितीने. युरोपीय संघाने 1994 साली निकेलवर मर्यादा घालणारा नियम केला, त्यानुसार कातडीला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंमधून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. पण त्याआधी घडलेल्या वस्तूंना असली कसली हमी नाही, म्हणून जुन्या वस्तूच्या बाबतीत आपली परीक्षा आपणच घ्यायची, हे तुम्ही शिकवलेत. पांढरे दिसणारे सगळे सारखे नसते, हेही. पांढऱ्या सोन्यात रंगासाठी निकेल मिसळण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून रुळली. एकोणिसाव्या शतकातल्या हिऱ्यांच्या दागिन्यांची पांढरी बाजू पुष्कळदा सोन्यावर बसवलेल्या चांदीची असते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या उत्तम कामात प्लॅटिनम असते. विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूंची जात निराळी: वरची चांदी झिजली की खालून बहुधा तेच जर्मन सिल्व्हर डोकावते. आणि मूळ दागिना निर्दोष असला, तरी नंतर बदललेला फासा (साखळीची टोके अडकवण्याची कडी), कानातल्याची दांडी किंवा आतली स्प्रिंग दगा देऊ शकते, म्हणून बोळा आधी तिथे फिरवायचा. ही यादी मला डॉक्टर देऊ शकले नसते. ती भिंगाखाली आयुष्य घालवलेल्या माणसाकडेच असते.

रेडियमच्या घड्याळाचाही उल्लेख करायला हवा. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे ते लहानसे घड्याळ मी गळ्यात घालण्यासाठी निवडले होते. ते आता चमकत नाही म्हणून निर्धोक असेल, हा माझा तर्क तुम्ही खोडून काढलात: चमकणारे द्रव्य थकलेले असते, पण किरणोत्सर्गी रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे 1,600 वर्षांचे असल्यामुळे रेडियम जागच्या जागी असते. अशा तबकड्या हाताने रंगवणाऱ्या, कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करणाऱ्या कामगार मुलींचे हाल तुम्ही सांगितलेत आणि घड्याळ उघडू नका म्हणून दोनदा बजावलेत. ते मी घेतले नाही, आणि त्याची हळहळही वाटली नाही.

पैशांच्या बाबतीत मी जास्त हट्टी होते. “जुने ते वाढतच जाणार” हे माझे पालुपद होते आणि त्याच्या आधारे मी प्रत्येक खरेदीला गुंतवणूक म्हणत असे. तुम्ही एका दागिन्याच्या तीन किमती समजावल्यात: तसाच दागिना दुकानातून पुन्हा घ्यायचा तर लागेल ती, म्हणजे विम्याच्या कागदावर लिहिली जाते ती, मी विकायला गेले तर व्यापारी देईल ती, आणि मोडीत मिळेल ती. मी घरी बसून पहिलीची बेरीज करत होते आणि अडचण आली असती तर मला मिळाली असती दुसरी, घाई असती तर तिसरी. हे ऐकूनही मी मोत्यांचे उदाहरण दिले, आणि तिथे तर फसलेच. न्यूयॉर्कमध्ये 1917 साली कार्टिए या जवाहिऱ्यांनी नैसर्गिक मोत्यांच्या दुपदरी कंठ्याच्या आणि वर 100 डॉलरच्या मोबदल्यात फिफ्थ ॲव्हेन्यूवरची आख्खी हवेली मिळवली, कारण त्या कंठ्याची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली जात होती. मधल्या काळात जपानमध्ये मिकिमोतो यांनी सुरू केलेली मोत्यांची शेती जगभर पसरली, मंदी आली, आणि 1957 साली लिलावात त्याच मोत्यांना सुमारे दीड लाख डॉलर आले. “मोती खोटे निघाले नव्हते, ताई,” तुम्ही म्हणालात, “तेच होते. फक्त गिऱ्हाईक बदलले होते.” त्या रात्री मी माझ्या वहीतला ‘गुंतवणूक’ हा मथळा खोडून तिथे ‘हौस’ असे लिहिले, आणि मग त्याच पानावरची बेरीज पाहून मला घाम फुटला.

तेव्हापासून पद्धत अशी आहे, की महिन्याच्या सुरुवातीला उपचारांचे पैसे आधी बाजूला जातात, आणि हौसेच्या वाट्याला जी लहानशी रक्कम येते ती साठेपर्यंत काही घ्यायचे नाही, उधारीवर तर नाहीच. हे लिहायला सोपे आहे. गेल्या वर्षी दोनदा मी हा नियम मोडण्याच्या बेतात होते, आणि दोन्ही वेळा तुम्ही वस्तू महिनाभर बाजूला ठेवून दिलीत. महिन्याने एकीची आठवणही राहिली नव्हती, दुसरी घेतली. दुसरा कोणी अशी वस्तू इतके दिवस अडकवून ठेवणार नाही, हे मला कळते. घेतलेल्यांपेक्षा नुसत्या पाहिलेल्या वस्तूंची माझी वही आता जाड झाली आहे. प्रत्येक वस्तूची मागची बाजू, जोड, शिक्के आणि माझे प्रश्न तिच्यात आहेत, आणि खरे सांगायचे तर विकत घेण्यातला निम्मा आनंद मला त्या लिहिण्यातच मिळतो. उरलेला निम्मा मिळत नाही. तो मिळतो असे सांगून तुमच्यापुढे साळसूदपणा करणार नाही.

जी दुसरी वस्तू मी घेतली, ती म्हणजे इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या जेटची, दगडासारख्या दिसणाऱ्या एका काळ्याभोर द्रव्याची, माळ. मण्यांमध्ये धातू नाही, गळ्यात आहे की नाही हे विसरायला व्हावे इतकी ती हलकी, आणि सोन्यापुढे कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही म्हणून माझ्या आवाक्यातली. कोट्यवधी वर्षे दबून राहिलेले ते लाकूडच असल्यामुळे हाताला कोमट लागते, आणि जेट म्हणून विकली जाणारी काळी काच थंड व जड लागते, हा फरक तुम्ही माझे डोळे मिटवून, दोन्ही तळहातांवर एकेक मणी ठेवून दाखवला होतात. माझ्या मानेने त्या माळेविरुद्ध अजून तक्रार केलेली नाही. व्यायामोपचारांचे वर्ष पूर्ण झाले, गळ्याची कातडी निवळली आहे, आणि रुमाल आता फक्त थंडीत लागतो.

तो हार पुढे कोणाकडे गेला हे तुम्ही मला सांगितले नाहीत आणि मी विचारलेही नाही. त्याचा जोड मात्र विकण्यापूर्वी तुम्ही शिसे खरवडून नव्याने, सोन्याच्या डाखाने करून घेतला होतात, हे तुमच्या कारागिराकडून मला कळले.

जाता जाता एक काम. माळेचा रेशमी दोरा फाशाजवळ विरत चालला आहे. नव्याने ओवताना प्रत्येक मण्यानंतर गाठ असावी आणि फाशाऐवजी माळच डोक्यावरून घालता येईल इतकी लांब व्हावी, असे मला वाटते. त्यासाठी जुने, जुळणारे आठ-दहा मणी तुमच्याकडे असतील तर बाजूला ठेवावेत, आणि त्यांचे पैसे किती होतील ते आधी कळवावे.

आपली कृतज्ञ,
चिठ्ठी वाचायला शिकलेले एक गिऱ्हाईक